रुग्णाच्याच पेशींतून रक्तवाहिनी वाढवताना

डेक्रॉन किंवा टेफ्लॉनची कृत्रिम नळी महाधमनीसारख्या रुंद जागी वर्षानुवर्षं चालते. व्यास सहा मिलिमीटरच्या खाली गेला की तीच नळी दगा देते. अरुंद नळीत प्रवाह मंदावतो, परक्या पृष्ठभागावर प्लेटलेट चिकटतात आणि जिथे नळी रुग्णाच्या वाहिनीला शिवलेली असते तिथे आतून पेशींची वाढ होत जाऊन तोंड बुजतं. म्हणून हृदयाच्या किंवा पायाच्या बायपाससाठी सर्जन पहिली पसंती देतात ती रुग्णाच्या पायातल्या सॅफेनस शिरेला किंवा छातीतल्या मॅमरी धमनीला. पण काहींच्या शिरा आधीच्या ऑपरेशनमध्ये वापरून झालेल्या असतात, काहींच्या फुगून वेड्यावाकड्या झालेल्या असतात आणि डायलिसिसवरच्या रुग्णांच्या हातातल्या शिरा सुयांनी निकामी झालेल्या असतात. त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. इथे जी पद्धत सांगतो आहोत तिला नमुना घेतल्यापासून सहा ते नऊ महिने लागतात. ज्याचा पाय या आठवड्यात वाचवायचा आहे त्याच्या उपयोगाची ती नाही. कॅथेटरवर डायलिसिस चालू आहे आणि कायमची सोय लवकर-उशिरा करायची आहे, असा रुग्ण थांबू शकतो.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. प्रयोगशाळेत आम्ही त्यांतले दोनच करतो. बाहेरची मजबूत भिंत त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशींकडून करून घ्यायची आणि आतलं अस्तर शिरेतल्या एंडोथेलियल पेशींचं लावायचं. मधला मृदू स्नायूंचा थर सोडून देतो. हा आळशीपणा नव्हे. साठी ओलांडलेल्या माणसाच्या मृदू स्नायूपेशी संवर्धनात मोजक्याच वेळा दुभंगतात आणि भिंत उभी राहण्याआधीच थकतात. ज्यांना वाहिनी हवी असते ते बहुतेक याच वयाचे असतात. फायब्रोब्लास्ट त्या मानाने काटक.

वाइनबर्ग आणि बेल यांनी १९८६ साली गाईच्या पेशी आणि कोलॅजेनची (ऊतींना बळकटी देणाऱ्या तंतुमय प्रथिनाची) जेल वापरून नळी केली, तेव्हा डेक्रॉनच्या जाळीचा आधार दिल्याशिवाय ती दाब पेलू शकली नाही. १९९८ मध्ये लोरू आणि सहकाऱ्यांनी क्युबेकमध्ये दाखवून दिलं की बाहेरून कोलॅजेन किंवा प्लास्टिकचा सांगाडा न घालताही भागतं. मानवी पेशींना त्यांचं स्वतःचं कोलॅजेन घालू दिलं, तर पेशी आणि कोलॅजेनचा सलग पातळ पापुद्रा, म्हणजे पत्रा, तयार होतो, आणि अशा पत्र्यांची गुंडाळलेली नळी पाऱ्याच्या २,००० मिलिमीटरच्या वरचा दाब सहन करते. पुढचा सगळा मजकूर याच पत्र्यांच्या पद्धतीबद्दल आहे.

नमुना लहान लागतो. जांघेतून किंवा दंडाच्या आतल्या बाजूने त्वचेचा छोटा तुकडा आणि वरवरच्या शिरेचा दोन ते पाच सेंटिमीटरचा भाग, दोन्ही एकाच बैठकीत घेतात. तुकडे प्रतिजैविक आणि बुरशीरोधक घातलेल्या थंड मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) ४ अंशांवर ठेवून २४ तासांच्या आत हूडखाली, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, आले पाहिजेत. गोठवायचे नाहीत. त्वचा कितीही पुसली तरी केसांच्या मुळांशी जंतू असतातच, म्हणून पहिला आठवडा प्रतिजैविकं ठेवतो आणि नंतर मुद्दाम काढून टाकतो. प्रतिजैविकं कायम ठेवली तर मंद संसर्ग दबून राहतो आणि पाचव्या महिन्यात, सगळं हाताशी आल्यावर, डोकं वर काढतो.

खालची चरबी कात्रीने साफ करून तुकडा रात्रभर डिस्पेज या विकरात ४ अंशांवर ठेवला की सकाळी बाह्यत्वचा चिमट्याने सुटून येते. उरलेल्या अंतस्त्वचेचे एक-एक मिलिमीटरचे तुकडे करून प्लेटवर मांडायचे. इथे घाई नडते. मीडियम भरपूर ओतलं की तुकडे तरंगतात, आणि तरंगणाऱ्या तुकड्यातून एकही पेशी बाहेर येत नाही. ३५ मिलिमीटरच्या डिशमध्ये पहिला तासभर अर्धा मिलिलिटर पुरे, म्हणजे तुकडे ओले राहतील पण सुटणार नाहीत. ते चिकटले की कडेने हळूच बाकीचं मीडियम सोडायचं. पाच ते दहा दिवसांत तुकड्याभोवती लांबट, टोकदार पेशींचं कडं दिसू लागतं. त्यात फरशीसारख्या दाटीने बसलेल्या पेशी दिसल्या तर बाह्यत्वचेचा अंश राहिला आहे असं समजायचं. ट्रिप्सिन (तळाला चिकटलेल्या पेशी सोडवणारं विकर) दिल्यावर फायब्रोब्लास्ट आधी सुटतात आणि बाह्यत्वचेच्या पेशी मागे राहतात, त्यामुळे पहिल्याच पॅसेजला, म्हणजे पेशी सोडवून नव्या भांड्यात पेरण्याच्या फेरीला, दोन्ही वेगळ्या करता येतात.

पेशींची संख्या वाढवणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग. डीएमईएम आणि हॅम एफ-१२ या दोन मीडियमचं मिश्रण, त्यात १० ते २० टक्के सीरम, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ०.०५ टक्के ट्रिप्सिन तीन ते पाच मिनिटं. एवढ्यावर महिन्याभरात काही कोटी पेशी हाताशी येतात. बहुतेकांचा उत्साह इथेच शिगेला पोचतो. पण पेशी म्हणजे भिंत नव्हे. भिंतीचा जोर कोलॅजेनचा असतो, आणि कोलॅजेन घालायला पेशींना वेळच द्यावा लागतो, त्याला आडवाट नाही.

पाचव्या-सहाव्या पॅसेजच्या पुढच्या पेशी पत्र्यांसाठी घेत नाही. त्या पसरट होतात, मंदावतात आणि कोलॅजेन कमी घालतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या काही रुग्णांच्या पेशी तर तिसऱ्या पॅसेजलाच रुसलेल्या असतात. म्हणून मुख्य फ्लास्क लावण्याआधी त्याच पेशींचा एक छोटा पत्रा सहा खणांच्या प्लेटमध्ये लावून पाहतो. तीन-चार आठवड्यांनी चिमट्याने उचलताना तो विरघळल्यासारखा फाटला, तर मोठा पत्राही तसाच फाटणार. नऊ महिन्यांनी कळण्यापेक्षा हे चौथ्या आठवड्यात कळलेलं केव्हाही बरं.

पत्र्यासाठी प्रति चौरस सेंटिमीटर १०,००० पेशी, म्हणजे २२५ चौ. सेंमीच्या फ्लास्कला साडेबावीस लाख. पेशींनी तळ भरला की मीडियममध्ये मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम एस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्व, सुरू करायचं. कोलॅजेनच्या साखळीतल्या प्रोलीनवर हायड्रॉक्सिल गट बसवणाऱ्या विकराला ते लागतं. तो गट बसला नाही तर तीन साखळ्यांचा पीळ शरीराच्या तापमानाला टिकत नाही आणि पेशी असलं अर्धवट कोलॅजेन बाहेरच सोडत नाहीत. स्कर्व्हीत हिरड्या ज्या कारणाने सुटतात त्याच कारणाने इथे पत्रा होत नाही. एस्कॉर्बेट ३७ अंशांवर मीडियममध्ये फार तर दिवसभर टिकतं. आठवड्याची बाटली एकदम बनवून ठेवली तर तिसऱ्या दिवसापासून पेशींना नुसतं मीडियमच मिळतं. एकतर दर वेळी ताजं मिसळावं, नाहीतर त्याचं टिकाऊ रूप, एस्कॉर्बिक आम्ल-२-फॉस्फेट, वापरावं.

असे सहा ते आठ आठवडे आठवड्यातून तीनदा मीडियम बदलत राहायचं. याच काळात सर्वांत जास्त पत्रे वाया जातात, आणि कारण बहुधा एकच असतं. पेशी आकसतात. त्या पत्र्याला सतत आत खेचत असतात, आणि जिथे तळाची पकड सैल झाली तिथे कड उचलली जाते. एकदा कड उचलली की रात्रीतून अख्खा पत्रा गोळा होऊन फ्लास्कच्या कोपऱ्यात पडतो, आणि तो पुन्हा पसरता येत नाही. निमित्त क्षुल्लक असतं. फ्रीजमधून काढलेलं मीडियम थेट ओतणं, पिपेटची धार पत्र्यावर मारणं, फ्लास्क उभा करताना सगळं मीडियम एका कडेने वाहू देणं, किंवा सुरुवातीलाच पेशी जास्त दाट पेरणं. मीडियम ३७ अंशांवर आणूनच घ्यावं, फ्लास्कच्या समोरच्या भिंतीवरून सोडावं आणि जुन्या मीडियमचा पातळ थर तळाशी राहू द्यावा. उघड्या तबकात वाढवत असाल तर कडेने स्टीलची निर्जंतुक चौकट ठेवली की आकसण्याला आवर बसतो.

पाचव्या आठवड्यापासून मीडियमच्या रंगाकडे लक्ष हवं. पत्रा दाट झाला की ग्लुकोज झपाट्याने संपतं, लॅक्टिक आम्ल वाढतं आणि गुलाबी मीडियम दुसऱ्याच दिवशी पिवळं पडतं. पिवळ्या मीडियममध्ये राहिलेला पत्रा मरत नाही, पण त्या काळात नवं कोलॅजेन फारसं पडत नाही. आठवड्यातून तीनदाचं वेळापत्रक इथे रोजचं करण्यापेक्षा मीडियमचं प्रमाण वाढवणं सोयीचं. शनिवार-रविवार मात्र कुणीतरी यावंच लागतं, पेशी सुट्टी पाळत नाहीत.

पत्रा तयार झाला की गोल धारेच्या प्लास्टिकच्या पात्याने कड मोकळी करून तो अलगद सोडवायचा. नीट झालेला पत्रा दुधावरच्या घट्ट सायीसारखा एकसंध निघतो आणि दोन चिमट्यांत धरून उचलला तरी स्वतःचं वजन पेलतो.

आता गुंडाळणं. ४.८ मिलिमीटर व्यासाच्या, टेफ्लॉनचं आवरण दिलेल्या स्टीलच्या दांडीचा घेर साधारण १५ मिलिमीटर. म्हणजे साडेसात सेंटिमीटर रुंदीच्या पत्र्याचे पाच वेढे बसतात. सगळ्यांत आत जो पत्रा जातो तो आधी हवेत वाळवून त्यातल्या पेशी मारलेल्या असतात. ज्या पेशी इतक्या जपून वाढवल्या त्या आपणच मारायच्या हे विचित्र वाटेल, पण त्यामागे कारण आहे. जिवंत फायब्रोब्लास्ट आतल्या पोकळीला लागून राहिले तर ते आत सरकतात, वाढतात आणि वाहिनी अरुंद करतात. वाळवलेला थर त्यांना कुंपण घालतो. शिवाय ऑक्सिजन पेशींच्या दाट थरात शंभर-दोनशे मायक्रोमीटरच्या पलीकडे पुरेसा झिरपत नाही. दांडीला चिकटलेल्या बाजूने तर तो येतच नाही. तिथल्या पेशी तशाही तगल्या नसत्या.

गुंडाळताना दोन थरांमध्ये हवेचा बुडबुडा किंवा मीडियमचा थेंब राहिला की तिथे थर जुळत नाहीत आणि पुढे दाबाखाली नेमकी तीच जागा सोलली जाते. म्हणून पत्रा ओलसर ठेवायचा, निथळता नव्हे. ताण वेढ्यागणिक सारखा असावा. सैल गुंडाळला तर पोकळ्या राहतात आणि जास्त ओढला तर पत्रा लांबून पातळ पडतो. सगळ्यांत बाहेरची मोकळी कड पहिले काही दिवस सैल टाक्याने बांधून ठेवणं शहाणपणाचं.

त्यानंतर दहा-बारा आठवडे नळी मीडियममध्ये दांडीवरच राहते. थरांमधल्या पेशी एकमेकांत जातात, नवं कोलॅजेन टाकतात आणि वेढ्यांच्या रेषा पुसल्या जातात. टोकाचा एक तुकडा कापून, कोलॅजेन निळं दाखवणाऱ्या मॅसन ट्रायक्रोम रंगात पाहिला की कळतं. सलग निळा पट्टा दिसला तर जुळणी झाली. निळ्या पट्ट्यात पांढऱ्या चिरा दिसल्या तर अजून थांबायचं.

दाबाची चाचणी याच टोकाच्या तुकड्यांवर होते. तुकड्याची दोन्ही टोकं बारीक नळ्यांवर बांधून आत दाब हळूहळू वाढवत न्यायचा. सॅफेनस शीर पाऱ्याच्या सुमारे १,६०० मिलिमीटरला फुटते. या पद्धतीच्या मानवी नळ्यांचा सरासरी आकडा २००६ साली ३,४०० च्या आसपास नोंदवला गेला. रक्तदाब १२० असताना एवढं कशाला, असं कुणीही विचारेल. कारण वाहिनी एकदाच फुगवायची नसते. मिनिटाला ७० ठोके धरले तर वर्षाला पावणेचार कोटी धक्के बसतात, आणि डायलिसिसच्या रुग्णात वर आठवड्याला अनेकदा जाड सुया. आकड्याइतकंच नळी कशी फुटली हे पाहावं. लांबीच्या दिशेने सरळ चिरली तर भिंत सर्वत्र सारखी आहे. शेवटच्या कडेच्या रेषेवर सोलली तर जुळणी कच्ची. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून पाझरली तर तिथे पत्र्यात दोष होता, आणि अशा पाझराने दाब पडला की आकडा खोटा कमी येतो. टाक्याची चाचणी वेगळी असते. कडेपासून २ मिलिमीटरवर टाका घालून तो ओढायचा आणि भिंत कापत निघेपर्यंतचा जोर मोजायचा. दाबात उत्तम असलेली नळी यात नापास होऊ शकते.

एवढं करूनही या भिंतीत इलॅस्टिन, म्हणजे ताणून पुन्हा आखडणारं प्रथिन, जवळजवळ नसतं. प्रौढ पेशी संवर्धनात ते नीट घालत नाहीत. त्यामुळे नळी मजबूत होते, पण खऱ्या धमनीसारखी लवचिक होत नाही.

दरम्यान शिरेच्या तुकड्यातल्या एंडोथेलियल पेशी वेगळ्या वाढत असतात. तुकड्याच्या आत ०.१ टक्का कोलॅजिनेज हे विकर भरून ३७ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं आणि मग धुऊन पेशी गोळा करायच्या. जास्त वेळ ठेवलं की खालच्या थरातल्या स्नायूपेशी आणि फायब्रोब्लास्टही सुटतात आणि दोन आठवड्यांत प्लेट बळकावतात. एंडोथेलियल पेशींवरचं सीडी-३१ हे प्रथिन ओळखणाऱ्या चुंबकीय मण्यांनी गाळून घेतल्या तर हा धोका टळतो. शीर मिळतच नसेल तर रक्तातूनही या पेशी वाढवता येतात. ५० मिलिलिटर रक्त फिकॉल या दाट द्रवावर चढवून सेंट्रिफ्यूज करायचं, ब्रेक बंद ठेवून, नाहीतर थर ढवळतात. मिळालेल्या एककेंद्रकी पेशी कोलॅजेन लावलेल्या प्लेटवर पेरायच्या. दोन-तीन आठवड्यांनी फरशीसारखी वसाहत दिसते, कधी एखाद-दुसरी, कधी एकही नाही. प्रौढांच्या रक्तात या पेशी फार विरळ असतात आणि आजारी माणसात आणखी.

अस्तर लावायचं गणित सरळ आहे. ५ मिलिमीटर व्यासाच्या, २० सेंटिमीटर लांब नळीचा आतला पृष्ठभाग सुमारे ३१ चौ. सेंमी. प्रति चौ. सेंमी एक लाख पेशी धरल्या तर ३१ लाख लागतात. नळीत सुमारे ४ मिलिलिटर द्रव मावतो, म्हणजे मिलिलिटरला आठ लाखांच्या जवळपास. आतून आधी फायब्रोनेक्टिन (पेशींना पकड देणारं प्रथिन) लावायचं, पेशी भरायच्या, दोन्ही तोंडं बंद करायची आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पाव वळसा देत राहायचं. वळसा चुकला की पेशी गुरुत्वाने तळाशी साचतात आणि वरची बाजू उघडी राहते. रक्त नेमकं त्याच पट्ट्यावर गोठतं.

पेशी बसल्या म्हणून लगेच धमनीचा प्रवाह दिला तर त्या धुऊन जातात. चोवीस तास विश्रांती, मग प्रवाह हळूहळू वाढवत भिंतीवरचा घर्षणताण १ पासून १० डाइन प्रति चौ. सेंमीपर्यंत काही दिवसांत न्यायचा. या ताणाखाली पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात आणि पकड घट्ट करतात. पंप निवडताना इथे गफलत होते. रक्ताची श्यानता, म्हणजे वाहण्यातला घट्टपणा, साधारण ०.०३५ पॉइझ, मीडियमची ०.००८ च्या आसपास. या व्यासाला १० डाइनसाठी रक्ताचा प्रवाह मिनिटाला दोनशे मिलिलिटर पुरतो, तर मीडियमचा नऊशे लागतो. रक्ताच्या हिशेबाने पंप लावला तर पेशींना सवय चतुर्थांशाहून कमी ताणाची होते. मीडियममध्ये डेक्स्ट्रान घालून श्यानता वाढवली की लहान पंपावरही भागतं.

आता याचा उपयोग किती? अर्जेंटिना आणि पोलंडमध्ये अशा स्वतःच्या पेशींच्या नळ्यांच्या चाचणीत डायलिसिसचे १० रुग्ण घेतले होते. २००९ च्या अहवालानुसार सहा महिन्यांनी, तेव्हा गणनेत उरलेल्या आठांपैकी पाच जणांची वाहिनी मध्ये काही डागडुजी न करता वाहती होती. आधीच बरेच उपाय हरलेल्या रुग्णांसाठी हे वाईट नाही. जपानमध्ये शिनोका यांच्या गटाने वेगळी वाट धरली. विरघळणाऱ्या पॉलिमरच्या नळीवर पेशी पेरून चार वर्षांच्या मुलीची फुफ्फुसधमनी दुरुस्त केली, २००१ साली ते प्रसिद्ध झालं. पुढे अस्थिमज्जेतल्या पेशी त्याच दिवशी पेरून बसवणंही जमलं, महिने थांबायची गरजच नाही. नंतर प्राण्यांवरच्या अभ्यासांत दिसलं की पेरलेल्या पेशी थोड्याच काळात नाहीशा होतात आणि वाहिनी शरीरच मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या मागोमाग नव्याने बांधतं.

म्हणून आमचं मत असं झालं आहे की ‘स्वतःच्या पेशी’ हा हट्ट अस्तरापुरता धरावा. परक्या एंडोथेलियमवर प्रतिकारशक्ती तुटून पडते, कोलॅजेनच्या भिंतीवर तेवढी नाही. दात्याच्या फायब्रोब्लास्टपासून केलेल्या नळ्याही डायलिसिसच्या रुग्णांना बसवून पाहिल्या गेल्या आहेत. दात्याच्या पेशींनी बांधलेली आणि मग पेशी धुऊन काढलेली तयार नळी तर अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये हातापायांच्या धमनीच्या जखमांसाठी मंजूर झाली. भिंत अशी कपाटातून मिळाली तर नऊ महिन्यांतले बहुतेक महिने वाचतात आणि रुग्णाकडून फक्त अस्तराच्या पेशी घ्याव्या लागतात.

नळी प्रयोगशाळेबाहेर जाण्याआधीचा पेच निर्जंतुकतेचा. जंतूंच्या वाढीची चाचणी १४ दिवसांची, आणि अस्तर लावलेली नळी तेवढी वाट पाहत ठेवता येत नाही. म्हणून अस्तर लावण्याच्या दोन आठवडे आधीच्या मीडियमचा नमुना चाचणीला लावतो आणि शेवटच्या दिवशी जंतू दाखवणारा ग्रॅम रंग, एंडोटॉक्सिन (जंतूंचं विष) आणि मायकोप्लाझ्माची पीसीआर करतो. मायकोप्लाझ्मा सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, मीडियम गढूळही करत नाही, म्हणून तो महिन्यातून एकदा तपासलाच पाहिजे. एका वेळी हूडखाली एकाच रुग्णाचे फ्लास्क, आणि शेवटी रुग्णाच्या रक्ताशी डीएनएची जुळणी. पेशींची अदलाबदल झाली तर बाकीचं सगळं व्यर्थ.

सर्जनकडे नळी देताना सूचना थोड्याच असतात. सिरिंजने जोर लावून फुगवून पाहू नये, अस्तर सुटतं. दातेरी क्लॅम्प नको, मऊ जबड्याचा घ्यावा. टाके ६-० किंवा ७-० पॉलिप्रोपिलीनचे, कडेपासून किमान २ मिलिमीटर आत. आणि लांबी जुळवताना कापलेला तुकडा फेकून न देता १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये घालून परत पाठवावा. नळी पुढे बंद पडली तर दोष मुळात भिंतीत होता की नंतर घडलं, हे त्याच तुकड्याशी ताडून पाहता येतं.